दोन यंत्रे, एक चूक : महासागरी विमानोड्डाणाचे नियम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते बेरजेचा ताळा करताना तीच बेरीज त्याच क्रमाने पुन्हा करू देत नसत. वरून खाली केली असेल तर आता खालून वर करा, असा त्यांचा आग्रह असे. पहिल्या वेळी जिथे हातचा विसरला, तिथेच तो दुसऱ्या वेळीही विसरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली. समुद्र ओलांडणाऱ्या विमानांचे नियम मी वाचले, पाळले आणि तरुण अभियंत्यांना शिकवले. त्या जाडजूड नियमपुस्तकांमध्ये गुरुजींचा हा आग्रह पानोपानी दिसतो, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी समुद्रावरची परिस्थिती सांगतो. मुंबईहून मॉरिशसला निघालेलं विमान किनारा सोडतं तेव्हा काही वेळ रडारवर दिसत असतं. रडारचा आवाका साधारण दोनशे ते अडीचशे सागरी मैल. नेहमीचा व्हीएचएफ रेडिओही सरळ रेषेत चालतो, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईआड तोही संपतो. तिथून पुढे विमान कुणालाही थेट दिसत नाही. उरतो तो एचएफ रेडिओ. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत येतात आणि हजारो किलोमीटर जातात. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची. ‘मुंबई रेडिओ’ या नावाने हाक ऐकणारी माणसं अरबी समुद्रावरची अशी विमानं कित्येक दशकं सांभाळत आली आहेत. एचएफवर खरखर इतकी असते की वैमानिकाने ती तासन्‌तास कानाला लावून बसणं शक्य नाही. म्हणून ‘सेलकॉल’ आला. प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत, प्रत्येक अक्षराला एक ठरलेला सूर. जमिनीवरून ते सूर पाठवले की त्याच विमानात घंटी वाजते. पहिल्या संपर्कात स्थान कळवून झालं की वैमानिक लगेच सेलकॉलची चाचणी मागतो. घंटी वाजली तरच हेडफोन बाजूला ठेवायचा.

स्थान कळवायचं ते वैमानिकानेच. अमुक बिंदू अमुक वेळी ओलांडला, पुढचा बिंदू अमुक वेळी, त्याच्या पुढचा तमुक. जमिनीवरचा नियंत्रक या शब्दांवर भरवसा ठेवून दोन विमानांत अंतर राखतो. विमानाला स्वतःचं स्थान चुकीचं कळलं असेल, तर नियंत्रकालाही चुकीचंच कळणार. म्हणून उत्तर अटलांटिकच्या वरच्या थरांत शिरायचं तर लांब पल्ल्याच्या दिशादर्शनाच्या दोन पूर्ण चालू प्रणाली हव्यात, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नकोत. तसेच दूरसंपर्काचे संचही दोन. दोन हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. अवलंबून नकोत, ही अट मात्र निसटते, आणि माझ्या मते सगळा नियम त्या अटीत आहे.

१ सप्टेंबर १९८३ ची गोष्ट घ्या. कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं बोइंग ७४७ अँकरेजहून सोलला निघालं होतं. विमानात जडत्वावर चालणाऱ्या दिशादर्शनाच्या एक नव्हे, तीन प्रणाली होत्या, आणि त्या बिघडल्याचा पुरावा मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९३ मध्ये फेरतपासणी केली. तिचा निष्कर्ष असा की ऑटोपायलट त्या प्रणालींच्या सांगण्यावरून चालतच नव्हता, तो चुंबकीय दिशा धरून नाकासमोर जात राहिला. विमान ठरल्या मार्गापासून हळूहळू दूर गेलं, ते अंतर तीनशे सागरी मैलांच्या पुढे गेलं, आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. मला सगळ्यात अस्वस्थ करते ती वाटेतली एक गोष्ट. त्याच कंपनीचं दुसरं विमान काही मिनिटांच्या अंतराने मागून येत होतं. ००७ ला अँकरेजशी बोलता येईना, तेव्हा त्याचे निरोप या दुसऱ्या विमानाने पुढे पोहोचवले. दोन्ही विमानांत गप्पा झाल्या, वाऱ्याच्या नोंदी सांगून झाल्या, आणि त्या जुळत नव्हत्या. एकाच वाटेवरच्या दोन विमानांना इतका वेगळा वारा लागेल कसा, हा प्रश्न त्या रात्री कुणी विचारला नाही. बाहेरून आलेला, खऱ्या अर्थाने वेगळा असा ताळा समोर होता, पण तो ताळा म्हणून कुणी पाहिला नाही.

या अपघातानंतर दोनच आठवड्यांत अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याचं जाहीर केलं. ते सगळ्यांना आठवतं. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या कॉकपिटमधल्या साध्या रीती. एका वैमानिकाने मार्गाचे बिंदू संगणकात भरायचे. दुसऱ्याने कागद बाजूला ठेवून, यंत्रातून ते बिंदू स्वतः वाचून काढायचे आणि मग मूळ आराखड्याशी ताडायचे. प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतरही. बिंदू ओलांडल्यावर साधारण दहा मिनिटांनी नकाशावर पेन्सिलीने फुली मारायची. ही फुली कशासाठी, असं तरुण वैमानिक विचारतात. उत्तर साधं आहे. ५२ उत्तर, ५० पश्चिम या बिंदूचं संगणकातलं छोटं नाव ‘५२५०एन’, आणि अर्धा अंश वरच्या बिंदूचं नाव ‘एन५२५०’. अक्षर एकीकडचं दुसरीकडे गेलं की विमान तीस सागरी मैल बाजूला. भरणारा हात चुकला तर यंत्र त्या चुकीच्या बिंदूवर अगदी अचूक नेऊन पोहोचवतं. नकाशावरची फुली त्या वाटेने येत नाही, म्हणून ती चूक उघडी पाडते.

आता इंजिनांकडे वळतो. हा माझा प्रांत.

अमेरिकेत १९५३ पासून नियम असा की दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडलं तरी साठ मिनिटांत विमानतळ गाठता येईल इतक्याच अंतरात राहायचं. पिस्टन इंजिनांच्या काळात तो योग्यच होता. जेट इंजिनं भरवशाची झाल्यावर १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर नेण्याची वाट मोकळी झाली, १९८८ मध्ये १८०. आज काही विमानांना ३३०, एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंत मान्यता आहे. यालाच आमच्या बोलीत ‘ईटॉप्स’ म्हणतात. १८० मिनिटांची मान्यता हवी तर त्या जातीच्या इंजिनाचं उड्डाणात बंद पडण्याचं प्रमाण हजार तासांत ०.०२, म्हणजे पन्नास हजार तासांत एकदा, याहून जास्त नको. यावरून हिशेब करा. दहा तासांच्या उड्डाणात दोहोंपैकी एक इंजिन बंद पडण्याची शक्यता अडीच हजारांत एक. ते बंद पडल्यावर विमानतळाकडे जाण्याच्या तीन तासांत दुसरंही बंद पडण्याची शक्यता पन्नास हजारांत तीन. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे चार कोटी उड्डाणांत एकदा, असं उत्तर येतं. फार दिलासा देणारं उत्तर आहे. पण गुणाकार करण्याचा अधिकार केव्हा मिळतो? दोन्ही बिघाडांची कारणं वेगवेगळी असतील तेव्हाच. कारण एक असेल तर गुणाकार मोडतो आणि अडीच हजारांत एक एवढंच उरतं.

५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं ट्रायस्टार मायामीहून नासाऊला निघालं होतं. एका इंजिनाच्या तेलाचा दाब घसरला, म्हणून वैमानिकांनी ते बंद केलं आणि विमान माघारी वळवलं. वाटेत उरलेली दोन्हीही बंद पडली. १७२ माणसांसह विमान समुद्रावर तेरा हजार फुटांवरून चार हजारांपर्यंत खाली आलं, तेव्हा आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्याच्या जोरावर ते कसंबसं मायामीला उतरलं. झालं होतं असं की आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. तेलात धातूचा कीस आला आहे का, हे सांगणारं ते छोटं चुंबकी बूच. त्याला रबराची ओ-रिंग बसवलेली असते. नेहमी बूच रिंगेसकट तयार मिळायचं, त्या रात्री नुसतं मिळालं. मेकॅनिकांनी सवयीने ते तसंच बसवलं. तिन्ही इंजिनांतून तेल गळालं. काही रुपयांची रिंग, आणि तीन इंजिनं मिळून एकच इंजिन झालं.

ईटॉप्सच्या नियमात म्हणूनच एक कलम आहे. एकाच फेरीत एकाच माणसाने दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही. डाव्या इंजिनाला एक, उजव्याला दुसरा. माणसंच कमी असतील तर दुसऱ्या पात्र व्यक्तीने ते काम तपासायचं. हँगरमध्ये रात्री दोन वाजता, सकाळच्या उड्डाणाची घाई असताना, हे कलम जड वाटतं. दुसऱ्या माणसासाठी अर्धा तास थांबण्यावरून झालेले वाद मी पाहिले आहेत. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की हा अर्धा तास कुणी वाचवू नये.

इंजिनं वेगळी ठेवली, पण इंधन? २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटचं ए३३० टोरांटोहून लिस्बनला जात होतं. उजवं इंजिन नुकतंच बदललेलं होतं, आणि त्यात हायड्रॉलिकची नळी एका बनावटीची तर इंधनाची दुसऱ्या बनावटीची, अशी न जुळणारी जोडी बसली होती. घासून घासून इंधनाची नळी फाटली. कॉकपिटमध्ये दिसलं ते एवढंच की उजव्या टाकीत इंधन कमी आहे. वैमानिकांनी दोन्ही बाजू जोडणारी झडप उघडली आणि डाव्या बाजूचं चांगलं इंधनही उजवीकडच्या गळतीतून समुद्रात गेलं. दोन टाक्या वेगळ्या ठेवण्यामागे विचार होता, झडपेने तो पुसला. दोन्ही इंजिनं बंद पडली. त्यानंतर त्या वैमानिकांनी काय केलं, ते मात्र मनापासून वाखाणावं असं आहे. सुमारे १९ मिनिटं, ६५ सागरी मैलांच्या आसपास, इंजिनाविना तरंगत नेऊन त्यांनी विमान अझोर्स बेटांवर लाझेशच्या धावपट्टीवर उतरवलं. ३०६ जणांपैकी कुणीही दगावलं नाही. इंधन कमी होतंय असं दिसलं की समतोल साधण्याआधी गळतीची शंका घ्यायची, हे या घटनेनंतर प्रशिक्षणात ठसवलं गेलं.

अशीच गोष्ट वेग मोजणाऱ्या नळ्यांची. १ जून २००९ च्या पहाटे एअर फ्रान्सचं ४४७ रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकवर होतं. ब्राझीलच्या किनाऱ्याशी एचएफवर बोलणं झालं, सेलकॉलची चाचणीही झाली. पुढे डकारच्या हद्दीत विमानाने आपोआप स्थान कळवण्यासाठी जोडणी मागितली, ती लागली नाही. बर्फकणांच्या ढगात तिन्ही पिटो नळ्या थोड्या वेळासाठी चोंदल्या. नळ्या तीन, संगणक तीन. पण नळ्यांची बनावट एकच आणि ढगही एकच. वेगाची नोंद गेली ती एका मिनिटाहूनही कमी काळ. त्या गोंधळात ऑटोपायलट सुटला, विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि सव्वाचार-साडेचार मिनिटांत समुद्रात कोसळलं. २२८ जण गेले. युरोपच्या नियामकाने त्यानंतर आदेश काढला की थॅलीसच्या जुन्या नळ्या काढा आणि तीनपैकी किमान दोन गुडरिचच्या बसवा. गुडरिचच्या नळ्या बर्फात अधिक टिकतात हे त्यामागचं कारण. पण देखभालीच्या बाजूने पाहणाऱ्या मला त्यात दुसरा लाभही दिसला. तिसरी नळी वेगळ्या घरची असली, तर तिन्ही एकदम खोटं बोलण्याची शक्यता उतरते.

आपल्या दारातलं उदाहरणही सांगायलाच हवं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जंबो सांताक्रूझहून दुबईला निघालं. उड्डाणानंतर १०१ सेकंदांत ते वांद्र्यासमोरच्या समुद्रात गेलं. २१३ माणसं होती. मुंबईच्या पश्चिमेला उडालं की लगेच काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नाही. कप्तानाच्या समोरचं, विमान किती कललं आहे ते दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. सहवैमानिकासमोर दुसरं होतं, मध्ये तिसरं राखीवही होतं. तिन्हींकडे एका नजरेत पाहून कोण एकटं पडलंय हे ठरवायला जेवढे क्षण लागतात, तेवढे त्या रात्री मिळाले नाहीत. वेगळं उपकरण असणं आणि त्याच्याकडे वेळेत वळण्याचा सराव असणं, दोन्ही लागतं. तो सराव सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घडवावा लागतो. यंत्र विकत घेतल्याने तो येत नाही.

विमानं एकमेकांपासून किती लांब ठेवायची, या प्रश्नाचं शास्त्रही याच जागी येऊन अडतं. साठच्या दशकात अटलांटिकवर समांतर मार्गांमध्ये १२० सागरी मैलांचं अंतर असे. गर्दी वाढली, अंतर कमी करायची मागणी आली, वैमानिकांचा विरोध झाला. तेव्हा ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या पी. जी. राईश यांनी १९६६ मध्ये टकरीच्या धोक्याचं गणित मांडलं. विमान बाजूला किती भरकटतं, वर-खाली किती, पुढे-मागे किती, या चुका वेगवेगळ्या मोजून त्यांतून टकरीची शक्यता काढायची. वाद आवाजाने मिटवण्याऐवजी हिशेबाने मिटवण्याची ही रीत मला फार थोर वाटते. पुढे १९७७ पासून अटलांटिकवर दिशादर्शनाच्या अचूकतेची किमान अट लागू झाली आणि मार्ग साठ मैलांवर आले. १९९७ मध्ये उभ्या थरांतलं अंतर दोन हजार फुटांवरून हजारावर आणायला सुरुवात झाली. भारताच्या आकाशात ते २००३ मध्ये झालं.

मग जीपीएस आलं आणि या हिशेबात एक विचित्र गोष्ट घडली. पूर्वी प्रत्येक विमान आपापल्या परीने थोडं भरकटायचं, त्यामुळे एखादं चुकून दुसऱ्याच्या उंचीवर गेलं तरी दोन्ही एकाच रेषेवर असण्याची शक्यता कमी होती. आता सगळीच त्या रेषेवर अगदी काटेकोर, एकावर एक. उंचीची एक चूक झाली की टक्कर. अचूकतेनेच चुकांचा परस्परांशी संबंध नसण्याचा आधार काढून घेतला. म्हणून आज नियम सांगतो की महासागरावर वैमानिकाने आपखुशीने मार्गाच्या उजवीकडे दोन सागरी मैलांपर्यंत सरकून उडावं. किती सरकायचं ते त्याने स्वतः निवडायचं, म्हणजे विखुरणं परत येतं. इतक्या वर्षांच्या कष्टांनी अचूकता मिळवायची आणि मग मुद्दाम बाजूला सरकायचं, हे मला या साऱ्या नियमांतलं सर्वांत शहाणं कलम वाटतं.

तराफे आणि लाइफ जॅकेटविषयी थोडक्यात. मोठ्या विमानाला किनाऱ्यापासून पन्नास सागरी मैलांपलीकडे जाताना प्रत्येक माणसासाठी जॅकेट हवं. १२० मिनिटं किंवा चारशे सागरी मैल, यांतलं जे कमी त्याच्या पलीकडे जाताना तराफेही. एके काळी समुद्रात ठरल्या जागी जहाजं मदतीला उभी असत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी पॅन अॅमचं विमान होनोलुलू ते सॅन फ्रान्सिस्को वाटेवर दोन इंजिनं गमावून अशाच एका जहाजाभोवती उजाडेपर्यंत घिरट्या घालत राहिलं. सकाळी पाण्यावर उतरलं, आणि ३१ च्या ३१ जण वाचले. सत्तरच्या दशकात बहुतेक जहाजं हटली. आता मदत यायला वेळ लागतो, म्हणून ती येईतो लागणारं सगळं विमानाने स्वतःच न्यायचं.

मदतीला कुठे जायचं हे तरी कळायला हवं. एअर फ्रान्सच्या ४४७ चे समुद्रतळावरचे मुख्य अवशेष सापडायला जवळजवळ दोन वर्षं लागली. ८ मार्च २०१४ ला मलेशिया एअरलाइन्सचं ३७० हे २३९ माणसांसह हरवलं. रडारला उत्तर देणारा त्याचा ट्रान्सपाँडर थांबला, नेहमीचे संदेशही थांबले. उपग्रहाशी मधूनमधून झालेली ओळख-देवघेव तेवढी तासन्‌तास चालू होती, आणि तिच्यावरूनच ते हिंदी महासागरात दक्षिणेकडे गेल्याचं कळलं. त्यानंतर नियम कडक झाले. ब्लॅक बॉक्सचा पाण्याखालचा संकेत तीस दिवसांऐवजी नव्वद दिवस, नोव्हेंबर २०१८ पासून दर पंधरा मिनिटांनी विमानाचा ठावठिकाणा, आणि नव्या विमानांत संकट ओळखून दर मिनिटाला आपणहून स्थान पाठवणारी व्यवस्था. ‘आपणहून’ याला महत्त्व आहे. कॉकपिटमधलं संकट कोणतंही असो, ही व्यवस्था तिथल्या हातांवर अवलंबून नसावी.

शेवटचा मुद्दा आजचा आहे, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते. २०१९ पासून उत्तर अटलांटिकवरची विमानं विमानाने स्वतः प्रसारित केलेलं स्थान टिपणाऱ्या, उपग्रहांवरच्या एडीएस-बी ग्राहकांना (रिसीव्हरना) दिसू लागली. पुढे-मागे चाळीस सागरी मैलांचं अंतर सोळा-सतरापर्यंत, प्रसंगी चौदापर्यंत खाली आणता आलं. इंधन वाचतं, वाऱ्याचा फायदा घेता येतो. ही मोठी प्रगती आहे, यात शंका नाही. पण रडार विमानाचं स्थान स्वतः मोजत असे. एडीएस-बी मोजत नाही, विमानाच्या जीपीएसला जे वाटतं ते पुढे सांगतं. म्हणजे विमानाचं स्थान जीपीएसवर, नियंत्रकाच्या पडद्यावरचा ठिपकाही त्याच जीपीएसवर, संदेशांवरची वेळही त्याचीच. जीपीएसला दाबणारे आणि खोटे संकेत देणारे प्रकार पूर्व भूमध्य समुद्रापासून पश्चिम आशियापर्यंत रोजचे झाले आहेत, आणि आपल्या सीमाभागातही आहेत. बिघडलेलं जीपीएस घेऊन विमान महासागराच्या तोंडाशी येतं, तेव्हा त्याला आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याला एकच चूक दिसत असते.

म्हणून माझं सांगणं तीन गोष्टींपुरतं आहे. जडत्वावर चालणारी दिशादर्शन प्रणाली जीपीएसने परस्पर दुरुस्त होऊ न देता, वेळ पडल्यास तोडून एकटी चालवता आली पाहिजे, आणि ते वैमानिकांच्या सरावात असलं पाहिजे. नकाशावरची फुली, मग ती कागदावर असो की टॅबलेटवर, जीपीएसखेरीज दुसऱ्या स्रोतावरून मारली जावी. आणि एचएफ. उपग्रह फोन स्पष्ट आहे, एचएफ खरखरतो, सूर्यावर मोठा उद्रेक झाला की तो बंदही पडतो. ६ सप्टेंबर २०१७ ला तसं झालं. पण उपग्रह ज्या कारणाने बंद पडतील ते कारण बहुधा एचएफला लागू नसेल, आणि एचएफ ज्याने बंद पडेल ते उपग्रहांना नसेल. मुंबई रेडिओच्या कक्षात रात्री खरखर ऐकत बसणाऱ्यांच्या खुर्च्या कमी करण्याचा विचार कुणी मांडला, तर नियमपुस्तक उघडून, दूरसंपर्काचे दोन संच कशासाठी मागितले आहेत ते त्यांना आपण वाचून दाखवलं पाहिजे.